दप्तर हलवितांना

दिवाळींत नवी वही पूजावयाची, पहिल्या पानावर श्री काढावयाचा आणि मागील बाकी पुढें ओढावयाची, हा आपल्या व्यापारी घरांतील जुना शिरस्ता होय. नीट पाहिलें असतां हें दप्तराचें दरसाल होणारें एक लहानसें स्थलांतरच होतें. जुन्या खतावणींतील येणें-देणें नव्या खतावणींत गेलें, शिल्लक जुळली, कीं जुनी वही फडक्यांत बांधून माळ्यावर ठेवीत. त्यांत चूक क्वचितच होई. कारण दोन्ही वह्या लिहिणारा हात एक, रकाने तेच, आणि गिऱ्हाइकांस ओळखणारे डोळेही तेच.

आज जें स्थलांतर घरोघर चाललें आहे, तें निराळें आहे. वहीवरून संगणकावर, अथवा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्यें सबंध दप्तर जावयाचें. त्यांत हात बदलतो, रकाने बदलतात, कित्येकदां मापें आणि लिपीही बदलते. संगणकाचा व्यवसाय करणारी मंडळी याला 'डेटा मायग्रेशन' म्हणतात; आम्ही आपल्या साध्या बोलींत 'दप्तर हलविणें' म्हणतों. अष्टागरांतील नारळ-सुपारीचे व्यापारी, अलिबाग-रेवदंड्याच्या पेठांतील दुकानदार, मुरूड-श्रीवर्धनकडे पाहुण्यांच्या उतरण्याजेवण्याची सोय करणारीं घरें, या सर्वांवर ही वेळ आली आहे किंवा येणार आहे. पुण्याहून शिकून आलेला पुतण्या म्हणतो, "काका, दोन दिवसांचें काम!" आणि काका वह्यांच्या थप्पीकडे पाहून गप्प बसतात. दोघांचीही बाजू लक्षांत घेऊन हें काम योजनेनें कसें करावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

घर हलविणें आणि दप्तर हलविणें यांत एक मोठा भेद आहे. घर हलवितांना तांब्या मागें राहिला, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो हवा असतो म्हणून आठवतो. दप्तरांतील एक ओळ मागें राहिली, तर तिची रिकामी जागा कोठेंच दिसत नाहीं. नवें पान छापील आणि स्वच्छ दिसतें. आणि पान जितकें स्वच्छ, तितका त्यावर विश्वास अधिक. ती ओळ ज्याच्या हक्काची, त्यालाच तिची उणीव भासते, आणि तीही बहुधा पुष्कळ वर्षांनीं, वांटणीच्या किंवा विक्रीच्या वेळीं.

आपल्या किनाऱ्याला दप्तरें हलण्याचा अनुभव नवा नाहीं. रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगिजांकडे होतें; अलिबाग आंग्र्यांचें; मुरूड, म्हसळें, श्रीवर्धन हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीचा. या सर्वांचा मिळून जो कुलाबा जिल्हा झाला, त्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें. राज्य बदललें कीं कारकून बदलले, कारकून बदलले कीं रकाने बदलले. त्यांत मोडी लिपि शाळांतून व कचेऱ्यांतून मागें पडली, तेव्हां आणखी एक अडचण उभी राहिली. कागद शाबूत, शाई शाबूत, पण वाचणारा नाहीं! आज कित्येक घरांत पणजोबांच्या हातचे मोडी कागद पेटींत आहेत आणि त्यांत जमिनीचा दस्त आहे कीं कुळाचाराची यादी, हें घरांत कोणालाच सांगतां येत नाहीं.

मापांचेंही तसेंच. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. आण्याचे हिशेबानें सव्वासहा पैसे. पण पाव पैशाचें नाणें कोठून आणावें? म्हणून एका आण्याचे सहा पैसे धरीत आणि चार आण्यांचे पंचवीस. म्हणजे एक-एक आणा चार वेळां दिला तर चोवीस, आणि एकदम दिला तर पंचवीस. एका पैशाचा हा फरक कोठें टाकावयाचा, हें प्रत्येक दुकानदारास आधीं ठरवावें लागलें. दप्तर हलविण्याची सर्व विद्या या 'आधीं ठरविणें' यांत आहे.

परंतु या विषयांतील सर्वांत मोठा धडा आपल्या उशाशींच आहे. तो म्हणजे सातबारा. गांव नमुना ७ हा अधिकार अभिलेख आणि नमुना १२ ही पिकांची नोंदवही; दोन्ही एका कागदावर, म्हणून सातबारा. मुंबई इलाख्यांत हक्कनोंदीचा कायदा १९०३ सालीं झाला, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमानें ती पद्धति पुढें चालविली. जमिनीचीं दप्तरें संगणकावर घेण्याचा प्रयोग केंद्र सरकारनें १९८८-८९ मध्यें देशांतील आठ जिल्ह्यांत आरंभिला; त्यांत महाराष्ट्रांतील वर्धा जिल्हा होता. आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाराष्ट्रांत मिळूं लागला तो १ मे २०१८ रोजीं. मध्यें जवळजवळ तीस वर्षें गेलीं. सातबारे सुमारें अडीच कोटी होते हें खरें. तरी नुसत्या भरण्याला एवढा काळ लागत नाहीं. काळ लागला तो जुळविण्याला. हस्तलिखित प्रत आणि संगणकाची प्रत शेजारीं ठेवून पाहतां कोठें नांवांत, कोठें क्षेत्रांत, कोठें हक्कांत तफावत आढळूं लागली. ती दुरुस्त करण्याची निराळी सोय करावी लागली, आणि २०१७ सालीं गांवोगांव चावडीवाचन घेऊन सातबारे लोकांसमक्ष वाचून दाखविण्यांत आले.

तफावत कसली असूं शकते, हें आपल्या एकत्र कुटुंबांना तरी फोडून सांगितलें पाहिजे. जुन्या सातबाऱ्यावर पुष्कळ ठिकाणीं वडील भावाच्या नांवापुढें 'ए.कु.मॅ.' अशीं तीन अक्षरें असतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असा त्यांचा अर्थ. जमीन सर्वांची, नांव एकाचें. आतां नकलणाऱ्यानें तीं तीन अक्षरें अनावश्यक समजून गाळलीं, तर काय होतें? नांव बरोबर, क्षेत्र बरोबर, आकार बरोबर. आणि तरीही धाकट्या भावांचीं मुलें व बहिणी यांचा हक्क त्या कागदावरून पुसला जातो. दुसरें उदाहरण क्षेत्राचें. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरांहून किंचित् अधिक, आणि एक आर म्हणजे बरोबर १००. वीस गुंठ्यांच्या वाडीस वीस आर लिहिले, तर सुमारें २३ चौरस मीटर, म्हणजे चांगल्या ऐसपैस खोलीएवढी जमीन, कोणीं न बळकावतां नाहींशी होते. आणि तिसरें 'इतर हक्क' या रकान्याचें. त्यांत कुळाचें नांव असतें, विहिरीच्या पाण्याचा वांटा असतो, बोजा असतो. हा रकाना मुख्य नव्हे असें वाटतें, आणि म्हणूनच तो धोक्याचा.

चूक झाल्यास उपाय नाहीं असें नाहीं. उपरोक्त अधिनियमाचें १५५ वें कलम लेखनदोष दुरुस्त करण्यासाठींच आहे. परंतु त्याच अधिनियमाचें १५७ वें कलम असें सांगतें कीं, उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरावी. अर्थात् गळालेली ओळ परत आणण्याचा भार, ज्याची ओळ गळाली त्याच्यावर पडतो. म्हणून दुरुस्तीवर भिस्त न ठेवतां आधींच सावध असावें, हेंच शहाणपणाचें.

सरकारच्या या मोठ्या कामावरून घरच्या लहान कामाची योजना आपणांस सहज आंखतां येईल.

पहिली गोष्ट गणनेची. संगणकाला हात लावण्यापूर्वीं जुन्या दप्तराची मोजदाद करून एका कोऱ्या कागदावर मांडावी: एकंदर खातीं किती, एकंदर येणें किती, एकंदर देणें किती, माल किती. हे आंकडे घरांतील दोघांच्या सहीनें बाजूला ठेवावे. दप्तर नव्या जागीं गेल्यावर तेच आंकडे तेथें निघाले पाहिजेत. ही युक्ति आजची नव्हे. वेदपाठकांनीं संहितेबरोबर अनुक्रमणी करून ठेविली आणि शाकल शाखेच्या ऋग्वेदाचीं सूक्तें वालखिल्यांसह १,०२८ असें मोजून टाकिलें. शिवाय पद, क्रम, जटा, घन असे पाठ बसविले. क्रमपाठांत पहिलें पद दुसऱ्याशीं, दुसरें तिसऱ्याशीं असें गुंफीत जातात. घनपाठांत तींच पदें उलटसुलट फिरवून म्हणतात. एक पद इकडचें तिकडे झालें, तर पुढच्या फेऱ्यांत जीभ अडखळल्यावांचून राहत नाहीं. कागदाचा आधार न घेता एवढें मोठें दप्तर पिढ्यान् पिढ्या हलविलें गेलें, तें केवळ स्मरणशक्तीच्या बळावर नव्हे, पडताळ्याच्या बळावर.

तथापि केवळ बेरीज जुळली म्हणून समाधान मानूं नये. एकाचे पांचशें दुसऱ्याच्या नांवावर गेले, तरी बेरीज तीच येते. म्हणून सर्वांत मोठीं दहा खातीं, सर्वांत जुनीं दहा खातीं, आणि डोळे मिटून बोट ठेवून निवडलेलीं दहा खातीं, अशीं तीस तरी ओळीनओळ ताडून पाहावीं.

दुसरी गोष्ट, बिनरकान्याच्या माहितीची. आमच्या माहितीच्या एका जुन्या दुकानाची खतावणी मध्यंतरीं आम्हीं चाळली. आंकड्यांच्या बाजूच्या समासांत बारीक अक्षरांत शेरे होते. 'मयत, थोरला मुंबईस असतो, गणपतीस येतो तेव्हां देतो.' 'व्याज लावूं नये.' 'ओल्या सुपारीची तूट धरावी.' आणि चार-सहा नांवांपुढें नुसतें एक टिंब. मालकांस विचारतां ते म्हणाले, "हें टिंब माझ्या आईनें घालावयास सांगितलेलें. या घरांत कर्ता पुरुष राहिला नाहीं. मागायला माणूस पाठवूं नये." नव्या सॉफ्टवेअरमध्यें नांवाला रकाना होता, फोनला होता, जी.एस.टी. क्रमांकाला होता, बाकीला होता. टिंबाला नव्हता. तीं खातीं तशींच भरलीं असतीं, तर त्या बायांच्या फोनवर दर महिन्याच्या पांच तारखेस तगाद्याचा संदेश आपोआप गेला असता. दुकानाची तीस-चाळीस वर्षांची अब्रू त्या टिंबांत होती. म्हणून योजनेंत एक स्वतंत्र दिवस असा ठेवावा कीं, ज्या दिवशीं वडील मंडळींनीं जुनी वही पानोपान उलटून समासांतील प्रत्येक खूण कशाची तें सांगावें आणि तरुणांनीं तें 'शेरा' या रकान्यांत लिहून घ्यावें. रकाना नसेल तर तो करवून घ्यावा.

तिसरी गोष्ट, निवडणें-पाखडणें हलविण्यापूर्वीं करावें. 'गणेश रामचंद्र', 'गणू राम' आणि 'गणपतशेट' हीं तीन खातीं एकाच माणसाचीं असतात. उलट एकाच नांवाचे दोन चुलतभाऊही असतात. लेकीसुनांचीं माहेरचीं व सासरचीं नांवें दोन ठिकाणीं असतात. संगणकाला हें नातें कळत नाहीं. आणि 'सारखीं नांवें एकत्र करूं काय?' असें त्यानें विचारलें असतां माहीत नसलेला मुलगा 'होय' म्हणून मोकळा होतो. नांवें एकत्र करणें सोपें, पुन्हां वेगळीं करणें महाकठीण.

चौथी गोष्ट रंगीत तालमीची. ब्रिटनमध्यें टी.एस.बी. नांवाच्या बँकेनें एप्रिल २०१८ मध्यें सुमारें ५२ लक्ष गिऱ्हाइकांचें दप्तर एका शनिवार-रविवारांत नव्या यंत्रणेवर नेलें. आंकडे सुखरूप पोंचले. पण यंत्रणाच भार सोसण्यास तयार नव्हती. दोन केंद्रांपैकीं एकाचीच पुरती परीक्षा घेतलेली होती. लक्षावधि लोकांस आपलें खातें उघडतां येईना, सर्व सुरळीत होण्यास डिसेंबर उजाडला, आणि २०२२ सालीं नियामकांनीं त्या बँकेस ४ कोटी ८६ लक्ष पौंडांहून अधिक दंड केला. याच्या उलट बँक ऑफ बडोदाचें पाहा. विजया बँक आणि देना बँक तिच्यांत १ एप्रिल २०१९ रोजीं विलीन झाल्या. परंतु ३,८९८ शाखांचीं दप्तरें एकत्र होण्यास २०२० चा डिसेंबर लागला. आधीं विजयाच्या शाखा, मग देनाच्या, असें टप्प्याटप्प्यानें तें काम झालें. कायदा एका दिवसांत लागूं होतो. दप्तर आपल्या चालीनेंच चालतें. घरगुती धंद्यांतही आधीं एकाच मालाचीं किंवा एकाच आळींतील खातीं हलवून पाहावीं आणि तेथें अडखळलों तर तेथेंच थांबावें.

पांचवी गोष्ट मोठ्यानें वाचण्याची. शाळेंत शुद्धलेखनाच्या वह्या मुलांनीं आपसांत बदलून तपासाव्या अशी रीत आहे. कारण ज्यानें लिहिलें, त्याच्या डोळ्यांस आपली चूक दिसत नाहीं. चावडीवाचनाचें मर्म हेंच. नवें दप्तर तयार झालें म्हणजे एकानें जुनी वही धरावी, दुसऱ्यानें संगणकावरचें वाचावें, आणि घरांतील बायकांनाही त्या बैठकींत बसवावें. कोणाकडे केव्हां काय राहिलें, हें त्यांना पुष्कळदां वहीपेक्षां अधिक ठाऊक असतें. मोठ्या गिऱ्हाइकांस त्यांची बाकी लेखी कळवून त्यांची संमति घ्यावी.

सहावी गोष्ट काळाची. आमच्या मतें दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत गणना व पाखडणी, पौष-माघांत तालीम, आणि ३१ मार्चचा ताळेबंद झाल्यावर त्याच बाकीवरून १ एप्रिलास नवा आरंभ, हा क्रम चांगला. एप्रिल आणि मे हे दोन महिने जुनें व नवें दप्तर बरोबरीनें लिहावें. दुप्पट श्रम होतात हें खरें; पण मृग लागण्यापूर्वीं नवें दप्तर स्थिरस्थावर झालेलें बरें. आपल्याकडे पावसाळ्यांत विजेचा भरंवसा नसतो.

यावरूनच सातवी गोष्ट निघते, ती जुन्या दप्तराच्या सांभाळाची. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां श्रीवर्धन-मुरूडकडील वाड्या भुईसपाट झाल्या आणि कित्येक गांवें दिवसेंदिवस अंधारांत राहिलीं. पुढील वर्षीं जुलैंत सावित्रीच्या पुरानें महाडची बाजारपेठ पाण्याखालीं गेली. ज्या कपाटांत वही, त्याच कपाटांत तिची नक्कल, ही नक्कल नव्हे. एक प्रत दुकानांत, एक घरांत आणि एक समुद्रापासून दूर, असें असावें. कायद्याच्या दृष्टीनेंही जुनें टाकतां येत नाहीं. जी.एस.टी.च्या कायद्याप्रमाणें वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, आणि कंपनी असल्यास आठ वर्षें हिशेब ठेवावे लागतात. कंपन्यांच्या संगणकीय हिशेबांत १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरबदलाची खूण राहिलीच पाहिजे असाही नियम आहे. आपल्या जुन्या कारकुनांस याचें नवल वाटलें नसतें. खोडलेलें अक्षर वाचतां आलें पाहिजे, असाच त्यांचा दंडक होता. जुनें सॉफ्टवेअर बंद करण्यापूर्वीं त्यांतील सर्व माहिती साध्या तक्त्यांत काढून कागदावरही छापून घ्यावी. नाहीं तर त्या मोडीच्या पेटीसारखी गत व्हावयाची.

आतां एक गोष्ट राहिली; ती योजनेची नसून मनाची आहे. १ एप्रिल १९५७ हा नव्या पैशाचा दिवस, तसाच तो १९४८ च्या कुळकायद्यान्वयें कृषकदिनही होता. त्या दिवशीं कसणारें कूळ जमिनीचें मालक मानलें गेलें. 'इतर हक्कां'तील एका ओळीवर त्या घराची भाकरी अवलंबून होती. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं घराणीं त्या वेळीं त्या ओळीच्या दुसऱ्या बाजूस उभीं होतीं, हें आम्ही जाणून आहों. तरीही, किंबहुना म्हणूनच, सांगावेंसें वाटतें: दप्तर हलवितांना आपल्या येण्याची ओळ सहसा गळत नाहीं, तिच्यावर चार डोळे असतात. गळते ती आपल्या देण्याची. कोणाची ठेव, कोणाची अनामत, गड्याची राहिलेली मजुरी, वाटेचा हक्क, विधवा आत्याचा अन्नवस्त्राचा वांटा. या ओळी मागायला बहुधा कोणी येत नाहीं. आणि त्या गळाल्या तर लेखनदोष म्हणून हात झटकणें फार सोपें असतें. पोथी नकलणारे जुने लेखक ग्रंथाच्या शेवटीं 'जसें पाहिलें तसें लिहिलें' अशा आशयाची ग्वाही देत. तीच ग्वाही आपणांस देतां आली पाहिजे.

म्हणून गणनेच्या दिवशीं पहिला कागद देण्याचा करावा, आणि नव्या दप्तरांत पहिलीं खातीं तींच भरावीं. दुसरें सर्व त्यामागून येईल. पुतण्यानें संगणकापाशीं बसावें, काकांनीं वही घेऊन त्याच्या शेजारीं बसावें, आणि दोघांचें एकमत होईपर्यंत जुनी वही फडक्यांत बांधूं नये.